संथ श्वास आणि बोचणारे मन

गेल्या काही वर्षांत आपल्या अवतीभवती एक नवा आवाज ऐकू येऊ लागला आहे : डोळे मिटा, खांदे सैल सोडा, श्वास आत घ्या, आता हळूच सोडा. सकाळी बागेत जमणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात तो ऐकू येतो. कंपन्यांच्या ताणमुक्ती शिबिरांत, शाळांच्या परिपाठात, मोबाईलच्या पडद्यावरही तो ऐकू येतो. २०१५ पासून दर २१ जूनला जगभर आंतरराष्ट्रीय योगदिन पाळला जातो. सावकाश हालचाल करा, सावकाश श्वास घ्या, मन थाऱ्यावर येईल, असा या सगळ्याचा एकंदर सांगावा आहे.

आपल्या धर्मग्रामांत यावर बोलणे निघाले की ते बहुधा एकाच ठिकाणी येऊन अडते : हे ख्रिस्ती माणसाला चालते का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळालेले आहे, ते पुढे येईलच. मला त्याहून अवघड वाटणारा प्रश्न वेगळा आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. मन अस्वस्थ झाले की ते शांत करणे नेहमीच योग्य असते का? अस्वस्थता म्हणजे नुसती डोकेदुखी, गोळी घेतली की संपली, एवढेच आहे का? की कधी कधी ती दारावरची थाप असते आणि आपण उठून दार उघडण्याऐवजी कानात कापूस घालतो?

आधी शरीराचे पाहू, कारण तिथे आश्चर्य वाटावे असे पुष्कळ आहे. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. राग, भीती, घाई यांत ही संख्या वाढते. श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो, खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो. शरीरात आपोआप चालणाऱ्या बहुतेक गोष्टींवर आपली सत्ता चालत नाही. हृदयाला 'जरा हळू चाल' म्हटले तर ते ऐकत नाही, जठराला हुकूम सोडता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि मनात आणले तर आपल्या मर्जीनेही चालतो. म्हणूनच आत शिरायला तो एवढा सोयीचा दरवाजा आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसे आणि पोटापर्यंत पोहोचणारा व्हेगस नावाचा एक लांबलचक मज्जातंतू आहे, हे काम मुख्यतः त्याच्याकडे असते. उच्छ्वास लांबवला की त्याला जास्त वाव मिळतो. म्हणजे श्वासाने जे साधते त्यात जादू काही नाही. देवाने आपल्याला घडवतानाच ती सोय करून ठेवली आहे.

संथ हालचालीचेही तसेच. चीनमधल्या बागांतून पहाटे माणसे ताई ची करताना दिसतात. पाण्यात चालावे तशी त्यांची पावले पडतात. १९५६ साली तिथल्या सरकारी क्रीडा विभागाने सर्वसामान्यांना जमेल असा २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला आणि तो देशभर पसरला. २०२० साली युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. वृद्ध माणसांचे तोल जाऊन पडणे या सरावाने कमी होते असे वैद्यकीय पाहण्यांत आढळले आहे. कारण समजायला सोपे आहे. भराभर हात हलवताना मन बाजारात गेलेले चालते. पण आधी टाच, मग चवडा, मग हळूहळू सगळे वजन त्या पायावर, असे करायचे म्हटले तर मनाला घरी यावेच लागते, नाहीतर माणूस पडेल. हीच ताई ची मुळात मात्र लढण्याची विद्या होती, हे लक्षात ठेवू. त्याचा उपयोग पुढे होईल.

आता आपल्या घरातली गोष्ट. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतील पाविया विद्यापीठाचे डॉक्टर लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी माणसांना त्यांनी रोझरीतील 'नमो मरिया' लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि दुसऱ्या वेळी एक तिबेटी मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला जवळजवळ बरोबर सहावर आली आणि हृदयाची व रक्तदाबाची लय सुधारली. आपल्या आज्यांनी असली यंत्रे कधी पाहिली नव्हती. दिवेलागणीला ओट्यावर बसून, अर्धी प्रार्थना एकीने आणि अर्धी इतरांनी म्हणत, त्या रोज अर्धा तास नेमके हेच करीत होत्या. (अलीकडे काही घरांत रोझरी ज्या वेगाने उरकली जाते, तो वेग पाहता डॉक्टरांना वेगळेच आकडे मिळतील. असो.)

शरीराला असे सांभाळून घेणे ख्रिस्ती परंपरेला परके नाही. मातीच्या पुतळ्यात देवाने श्वास फुंकला तेव्हा माणूस सजीव झाला (उत्पत्ती २:७). पुनरुत्थित प्रभूने शिष्यांवर फुंकर घातली आणि त्यांना पवित्र आत्मा दिला (योहान २०:२२). हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना 'रुआह' हा एकच शब्द आहे. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिले, मग भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले (१ राजे १९). तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सोबत आणि सत्याचे चिंतन यांच्या जोडीला झोप आणि स्नान यांचाही विचार केला आहे. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण गरम पाण्याच्या आंघोळीला त्याने कमी लेखले नाही! ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरील संन्यासी शतकानुशतके येशूचे नाव श्वासाच्या लयीत घेत आले आहेत. आणि संत इग्नेशियस लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात प्रार्थनेची जी तिसरी पद्धत दिली आहे, तिच्यात एका श्वासाला प्रार्थनेतला एकच शब्द घ्यायचा आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दापाशी थांबायचे.

आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याला तर हे दोन्ही प्रवाह एकाच गावात नांदताना दिसतात. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम ही संस्था काढली आणि योगाच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. त्याच गावात फादर अँथनी डिमेलो या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपली साधना संस्था चालवली. १९७८ साली निघालेल्या त्यांच्या 'साधना' या पुस्तकाची सुरुवात शरीराच्या संवेदना आणि श्वास यांच्याकडे लक्ष देण्याच्या सरावांनी होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८ साली, त्यांच्या काही मतांविषयी व्हॅटिकनने सावधगिरीचा इशारा दिला, हेही सांगायला हवे. त्यापूर्वी, १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्याच श्रद्धासिद्धांत विभागाने ख्रिस्ती ध्यानाविषयी जगभरच्या महागुरूंना एक पत्र लिहिले होते. त्यावर कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची सही आहे. योगासारख्या पूर्वेकडील पद्धती सरसकट टाकून द्या असे ते पत्र म्हणत नाही. प्रार्थनेसाठी मन स्थिर करायला त्यांची मदत होऊ शकते, हे ते मान्य करते. 'हे चालते का?' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

मात्र त्याच पत्रातला पुढचा मुद्दा फारसा वाचला जात नाही. काही शारीरिक व्यायामांनी शांत, हलके, उबदार वाटू लागते. हे वाटणे म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, असे समजणे साफ चूक आहे, असे पत्र बजावते. विशेषतः त्या माणसाचे नैतिक जीवन त्या अनुभवाशी मेळ खात नसेल तर! माझ्या मते योग करावा की न करावा या वादापेक्षा हे वाक्य कितीतरी जास्त धारदार आहे. योग कधीच न करणाऱ्यालाही ते लागू पडते.

बंदुकीच्या नेमबाजाचे उदाहरण घ्या. नेम धरताना त्याला श्वासावर ताबा मिळवायला शिकवतात. श्वास सोडायचा, आणि पुढचा श्वास सुरू होण्यापूर्वी जी क्षणभराची स्तब्धता असते तेवढ्यात चाप ओढायचा. हात स्थिर, मन स्थिर. हा नेमबाज क्रीडास्पर्धेतला असेल, देशाचे रक्षण करणारा सैनिक असेल, किंवा सुपारी घेतलेला गुंड असेल, श्वास तिघांचाही सारखाच काम करतो. व्हेगस मज्जातंतू कुणाला 'तू कशासाठी शांत होतो आहेस?' असे विचारत नाही. ते विचारणे आपल्याकडे सोपवलेले आहे.

बायबलमध्ये वादळात झोपलेल्या दोन माणसांची गोष्ट आहे. पहिला योना. देवाने निनवेला जा म्हणून सांगितले, तर हा उलट्या दिशेच्या जहाजात चढला. समुद्र खवळला, खलाशी घाबरून आपापल्या देवांचा धावा करू लागले, जहाजातला माल पाण्यात फेकू लागले. आणि योना? तो जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता (योना १:५). शेवटी नावेच्या कप्तानाला येऊन त्याला हलवून उठवावे लागले. दुसरा झोपलेला आपला प्रभू येशू. गालील समुद्रात तुफान उठले, मचव्यात पाणी भरू लागले, आणि तो मागच्या बाजूला उशीवर डोके टेकून झोपला होता (मार्क ४:३८). आपल्यापैकी कुणी जवळ जाऊन दोघांची नाडी पाहिली असती, श्वास मोजले असते, तर फरक कळला असता असे वाटत नाही. दोघेही सारखेच निवांत. फरक कळला तो जाग आल्यावर. येशू उठला तो इतरांच्या भीतीकडे वळला. योना उठला तेव्हा त्याला कबूल करावे लागले की हे वादळ माझ्यामुळेच आले आहे.

प्रवचनात हे ऐकायला बरे वाटते, पण योनाची झोप आपल्या गल्लीत कशी दिसते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. वडील वारले, मागे वाडी आणि घर राहिले. मृत्युपत्र नव्हते. सातबाऱ्यावर नावे चढवायची वेळ आली तेव्हा त्यांनी लग्न होऊन गेलेल्या बहिणीला बोलावले आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. 'सगळ्याच घरांत असे करतात' म्हणाले. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती वडिलांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. तो तिला कुणी समजावून सांगितला नाही. ती भांडली नाही. निघताना एवढेच म्हणाली, 'दादा, मी मागितले नसते, पण तू विचारायला तरी हवे होतेस.' त्यानंतर या गृहस्थांची झोप उडाली. रात्री दोन वाजता जाग येई, छातीत धडधडे. डॉक्टरांनी तपासले, हृदय ठीक निघाले, ताण कमी करा म्हणाले. मग कुणीतरी श्वासाचा वर्ग सुचवला. रोज पहाटे वीस मिनिटे. महिन्याभरात रक्तदाब उतरला, झोप लागू लागली, चेहऱ्यावर तकाकी आली. आता ते रविवारी मिस्साला येतात तेव्हा लोक म्हणतात, किती शांत झालेत हो हे!

त्या वर्गाने काही वाईट केले का? नाही. रक्तदाब उतरला हे चांगलेच झाले. पण रात्री दोन वाजता दार वाजवणारी बहीण होती, आणि आता ती थाप ऐकू येत नाही. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या काळच्या धर्मगुरूंवर जो राग काढला तो अशाच कारणासाठी होता. लोकांची जखम खोल आहे आणि तुम्ही वरवर मलमपट्टी करून सारे ठीक आहे म्हणता, असा त्याचा आक्षेप होता (यिर्मया ६:१४). फरक इतकाच की आता त्यासाठी धर्मगुरू लागत नाही, आपली मलमपट्टी आपणच करतो.

संत इग्नेशियस यांना या बाबतीत मानवी मनाची अचूक पारख होती. जो माणूस चांगल्याकडून अधिक चांगल्याकडे चालला आहे त्याला देवाचा आत्मा धीर देतो, आणि सैतान त्याला खोट्या शंकांनी बोचतो. जो माणूस वाईटाकडून अधिक वाईटाकडे घसरतो आहे त्याच्या बाबतीत नेमके उलट घडते. तिथे सैतान गोड बोलतो, सारे आलबेल असल्याचे भासवतो, आणि टोचणी लावतो तो देवाचा आत्मा. त्यांनी दिलेला दाखला सुंदर आहे. पाण्याचा थेंब स्पंजावर पडला तर आवाज होत नाही, दगडावर पडला तर तो आपटतो आणि उडतो. थेंब तसाच. तो कशावर पडतो त्यावर सारे अवलंबून. म्हणजे 'मला शांत वाटते आहे' एवढ्यावरून काहीच ठरत नाही, आणि 'मला अस्वस्थ वाटते आहे' एवढ्यावरूनही नाही. मी कोणत्या दिशेने चाललो आहे, हे आधी पाहावे लागते.

या विचाराची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती सांगितली नाही तर भाविक माणसांवर मोठा अन्याय होईल. प्रत्येक टोचणी देवाकडून येत नाही. स्वतः इग्नेशियस १५२२ साली मान्रेसा या गावी असताना पापशंकेने असे पछाडले गेले, की कबुली दिलेली पापे पुन्हा पुन्हा आठवून त्यांना आत्महत्येचे विचार येऊ लागले. ती अस्वस्थता ऐकत बसण्यासारखी नव्हती, सोडून देण्यासारखी होती, हे त्यांना पुढे उमगले. आपल्याकडे अशी माणसे पुष्कळ आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे काही करणारी सून, एक दिवस आवाज चढला म्हणून आठवडाभर स्वतःला दोष देत राहते. पहाटे चारला उठून डबे करायचे, गर्दीत लोकल पकडायची, चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून दीड तास प्रवास करायचा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर मुलावर खेकसल्याबद्दल रडायचे. या बाईने कोणता मोठा अपराध केला आहे? तिचे शरीर थकले आहे. तिला एलियासारखी झोप आणि भाकर हवी आहे. तिने दहा मिनिटे दार लावून सावकाश श्वास घेतला तर ती कशापासूनही पळत नाही. उलट घरातल्यांनी तेवढी दहा मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवावीत. आणि ज्याची धडधड, भीती किंवा उदासी आठवडेच्या आठवडे जात नाही, त्याने श्वासाच्या वर्गावर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे. त्यात श्रद्धेला उणेपणा नाही.

जाता जाता आणखी एक. माणसांना बारा-बारा तास राबवायचे, रविवारीही फोन करायचा, आणि मग वर्षातून एकदा ताणमुक्तीचे शिबिर भरवायचे, अशी आस्थापने आता कमी नाहीत. कामगाराला श्वास घ्यायला शिकवणे हे त्याला श्वास घ्यायला फुरसत देण्यापेक्षा फारच स्वस्त पडते. तिथे अस्वस्थ व्हायला हवे ते शिबिर भरवणाऱ्याने.

मग संथ श्वास आणि सजग हालचाल यांचा खरा उपयोग काय? मला याचे सर्वांत पटणारे उत्तर एखाद्या ग्रंथापेक्षा व्यसनमुक्तीच्या कामात दिसते. मुंबईचे फादर जो परेरा हे पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी १९८१ साली बांद्रा येथे कृपा फाउंडेशन सुरू केले आणि दारू व अंमली पदार्थांत अडकलेल्यांसाठी योगाचा उपयोग केला. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दारूने उद्ध्वस्त झालेल्या माणसाचे हात कापतात, झोप उडालेली असते, अंगात घटकाभर स्वस्थ बसायचे त्राण नसते. त्याला 'पश्चात्ताप कर' म्हणून काय उपयोग? आधी त्याच्या शरीराला घर मिळवून द्यावे लागते. आसने आणि श्वास ते करतात. पण कृपाचे काम तिथे थांबत नाही. आसनांच्या जोडीला तिथे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्या आहेत. त्यातली आठवी पायरी अशी, की आपण ज्यांना ज्यांना दुखावले त्यांची यादी करायची आणि भरपाई करायला मनाची तयारी करायची. नववी अशी, की शक्य तिथे प्रत्यक्ष जाऊन भरपाई करायची, त्याने त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तेवढे वगळून. आसन करून स्थिर झालेल्या हाताने ही यादी लिहायची असते. ते हात कापत असते तर यादी लिहिलीच गेली नसती, आणि नुसतेच स्थिर होऊन थांबले असते तर घरी वाट पाहणाऱ्या बायकोला त्याचा काय उपयोग झाला असता?

आपल्या त्या गृहस्थांकडे परत येऊ. त्यांनी श्वासाचा सराव सोडावा असे मी मुळीच म्हणणार नाही. मी उलट म्हणेन, आणखी दहा मिनिटे बसा. बहुतेक जण बरे वाटू लागले की उठतात, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. दिवसभराचा शीण, लोकलची गर्दी, ऑफिसातली कुरबुर, हा सगळा गाळ आधी खाली बसतो. पाणी निवळते. त्या निवळलेल्या पाण्यातही जे टोचत राहते ते निराळे असते. ते शिणातून आलेले नसते, म्हणून विश्रांतीने जात नाही. होरेब डोंगरावर एलियाला सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर देवाचा मंद स्वर ऐकू आला, हे आपण आवडीने सांगतो. त्या स्वराने काय केले हे मात्र सांगायचे राहून जाते. 'तू इथे काय करतो आहेस?' असे त्याने विचारले, आणि एलियाला आल्या वाटेने परत पाठवले. तिकडे करायची कामे शिल्लक होती.

परत जाण्याचीही एक संथ चाल असते. वेदीपाशी नैवेद्य आणला असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर नैवेद्य तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभूने सांगितले (मत्तय ५:२३-२४). वेदीपासून बहिणीच्या घरापर्यंतचे ते अंतर कदाचित दोन गल्ल्यांचे असेल. एकेक पाऊल जाणिवेने टाकायचा सराव ज्याला आहे त्याला तिथे जाताना तो उपयोगी पडेल, कारण त्या वाटेवर पाय जड होतात आणि छाती पुन्हा धडधडू लागते. दार तिच्या नवऱ्याने उघडले तर काय बोलायचे, हक्कसोडपत्राचा विषय काढायचा की आधी नुसते बसायचे, वाटा द्यायचा तर बायकोला काय सांगायचे, हे कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत.

ज्यांना एवढ्यात उठून जाणे जमणार नाही त्यांनी इग्नेशियस यांची ती तिसरी पद्धत घरी करून पाहावी. ताठ बसायचे किंवा गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे किंवा एका जागी स्थिर ठेवायचे, आणि 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना एका श्वासाला एक शब्द अशी म्हणायची. सुरुवातीचे शब्द सहज जातात. अन्नाच्या शब्दांपाशीही थांबायला बरे वाटते. पुढे क्षमेची ओळ येते, आधी आपल्याला हवी असलेली आणि मग आपण दिलेली. रोजच्या वेगात ती दोन-तीन सेकंदांत मागे पडते. इथे तिला मिनिटाहून जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक शब्दाला पूर्ण श्वास द्यायचा असतो आणि मधल्या रिकाम्या जागेत दुसरे काही करायचे नसते. तेवढ्या वेळात कुणाचा ना कुणाचा चेहरा समोर येतोच.